सात आठवडे झाले, फॉलिक ॲसिड कालपासून

उशिरा_कळलं:
माझी पाळी नेहमीच मागेपुढे होते, त्यामुळे कळलंच उशिरा. काल सोनोग्राफीत सात आठवडे निघाले, गोळ्या कालच सुरू झाल्या. रात्री झोप लागेना म्हणून मागच्या महिन्यातले प्रताप लिहून काढले. फॉलिक ॲसिड नाही. दुपारचं जेवण निम्म्या वेळा हुकलेलं. आणि दोन सुट्ट्या घालवून आजीच्या काळातल्या कपाटाचा रंग सँडपेपरने घासला, नाकाला रुमालसुद्धा न बांधता. बाळाच्या मेंदूचं काही बिघडवून बसले का मी? मासे खावेत की नाही यावर घरात दोन तट पडलेत, ते वेगळंच. 'टेन्शन घेऊ नका' एवढंच लिहायचं असेल तर कृपया लिहू नका.

रुमालाची_घडी:
बावीस वर्षं भ्रूणशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. तपासण्या तुमच्या डॉक्टरच ठरवतील, मी फक्त हिशोब मांडतो.

सात आठवडे हे शेवटच्या पाळीपासूनचे, गर्भ खरा पाच आठवड्यांचा. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून तयार होतात ती न्यूरल ट्यूब सुरुवातीला सपाट पट्टी असते. कडा वर उचलल्या जातात, एकमेकींना टेकतात आणि चेन लावल्यासारखी ती मिटत जाते. डोक्याकडचं तोंड गर्भ राहिल्यापासून साधारण २५व्या दिवशी बंद होतं, खालचं २८व्या. वर्गात मी हे रुमालाची घडी घालून दाखवायचो, आणि दरवर्षी मागच्या बाकावरून प्रश्न यायचा, 'सर, तोवर त्या बाईला कळलेलं तरी असतं का?' बऱ्याचदा नसतंच. म्हणून तर रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहण्याआधीपासून घ्यायला सांगतात.

तेव्हा कालच्या गोळीचा त्या नळीला उपयोग नाही, हे खरं. पण गोळी न घेतलेल्या बहुसंख्य बायकांच्या गर्भातही ती नीटच मिटते. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची चाचणी प्रसिद्ध झाली. ज्यांच्या आधीच्या गर्भात ही नळी नीट न मिटण्याचा दोष होता त्यांच्यात फॉलिक ॲसिडने तो पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. धोका घटतो, एवढाच त्याचा अर्थ. गोळी १२ आठवडे होईपर्यंत तरी घ्याच. १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत कणा आणि कवटी दिसतात, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे मिळेल.

हुकलेल्या जेवणांचं मनावर घेऊ नका. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा गर्भात आलेल्या मुलांमध्ये पुढे स्किझोफ्रेनिया जास्त आढळला. पण तिथे माणशी रेशन दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेलं होतं.

माझ्या मते आता लक्ष आयोडीनकडे हवं. गर्भाची स्वतःची थायरॉइड १२ आठवड्यांच्या सुमाराला कामाला लागते, तीही रमतगमत. तोवर त्याच्या मेंदूला लागणारं हार्मोन तुमच्याकडूनच जातं. मीठ आयोडीनचंच वापरा आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या.

माशांबाबत दोन्ही तट अर्धे बरोबर. जपानमधल्या मिनामाताला कारखान्यातला पारा समुद्रात गेला, माशांत उतरला. १९५६ साली ते मासे खाणाऱ्यांमधला आजार उघडकीला आला. तिथे आईला फारसा त्रास नाही आणि बाळाचा मेंदू मात्र गंभीर जखमी, अशी उदाहरणं आहेत. पण पारा साचतो तो शार्क, तलवार मासा अशा मोठ्या शिकारी माशांत. लहान मासे नीट शिजवून खा, त्यांतलं डीएचए, म्हणजे एक ओमेगा-३ स्निग्धाम्ल, मेंदूच्या बांधणीला लागतं.

राहिलं कपाट. जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि ते वार (प्लॅसेंटा) ओलांडून गर्भापर्यंत पोचतं. असेलच असं नाही, म्हणून अंदाज बांधत बसण्यापेक्षा रक्तातलं शिसं तपासा. कॅल्शियम कमी पडू देऊ नका. गरोदरपणात हाडांतून कॅल्शियम निघतं, तेव्हा तिथे वर्षानुवर्षं साठलेलं शिसंही सुटतं.

दोन_वेळच्या_गोळ्या:
इथे फिटच्या गोळ्या घेणारं कोणी वाचत असेल तर एक जोडते. व्हॅल्प्रोएटमुळे न्यूरल ट्यूबचे दोष वाढतात. माझी गोळी दिवस राहण्याआधीच बदलून दिली आणि फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅमचं दिलं. पण आपल्या मनाने गोळी बंद करू नका. मी एकदा केली होती, आठवड्यात दोनदा फिट आली.

उशिरा_कळलं:
सर, 'उपयोग नाही' वाचून रडले, मग पुढचं वाचलं. शिशाची तपासणी डॉक्टरांनी आज लिहून दिली. कपाट अजून त्याच खोलीत आहे, खाली सगळी धूळ. झाडून घेऊ का?

रुमालाची_घडी:
झाडू नका, उडेल. ओल्या फडक्याने पुसायची, फडकं टाकून द्यायचं. आणि हे काम घरातलं दुसरं कोणी करेल, तोवर तुम्ही त्या खोलीत जाऊ नका.