मदत हवी आहे: 1965ची एमजीबी मूळ रूपात ठेवावी की मॉडिफाय करावी?

चौकस_चालक (धागाकर्ता)

मंडळी, निर्णय होत नाहीये म्हणून जाणकारांना विचारतो.

गाडी 1965ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे ब्रिटिश बनावटीची उघडी स्पोर्ट्स कार. चॅसी नंबरची सुरुवात जीएचएन3, इंजिन नंबरची 18जीबी, म्हणजे पाच बेअरिंगचं 1798 सीसी इंजिन. दोन्ही नंबर जुन्या कागदपत्रांशी जुळतात. बाहेरून एकदा रंग मारलाय, पण बूटमध्ये आणि डॅशबोर्डमागे कारखान्याचा रंग तसाच आहे. सीट, मीटर, डायनामो (बॅटरी चार्ज करणारा जुना जनरेटर), दोन्ही एसयू कार्ब्युरेटर मूळचे. ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणारी गिअरबॉक्सची जोड) नाही.

तक्रारी अशा: ट्रॅफिकमध्ये तापते. रात्री हेडलाइट, वायपर आणि हीटर एकदम चालू केले की दिवे मंदावतात. ताशी 100च्या वेगात इंजिन फार ओरडतं. वळणावर डोलते. ब्रेक पेडल जड लागतं.

डोक्यात आहे ते: पाच गिअरचा बॉक्स, अल्टरनेटर, इलेक्ट्रिक फॅन, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, टेलिस्कोपिक शॉकअप, ब्रेकला सर्व्हो (पायाच्या जोराला मदत करणारा बूस्टर). एक मेकॅनिक म्हणतो सगळं करून टाका, दुसरा म्हणतो स्क्रूसुद्धा बदलू नका. गाडी चालवायची आहे, नुसती झाकून ठेवायची नाही. काय करावं?

जुनं_लोखंड

यादी आधी बाजूला ठेवा. यातल्या बहुतेक तक्रारी गाडी जुन्या डिझाइनची आहे म्हणून नाहीत, झिजली आहे म्हणून आहेत. ही गाडी ठाकठीक असताना ट्रॅफिकमध्ये उकळत नाही. झीज न काढता वर नवे पार्ट चढवले की मूळ दोष तसाच राहतो आणि पुढे तो शोधणं दुप्पट अवघड होतं.

तापण्यापासून सुरू करा. इंजिन गरम असताना रेडिएटरच्या जाळीवर इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवा. मधेच एखादा पट्टा थंड लागला तर तिथल्या नळ्या चोंदल्यात, कोअर बदलावा लागेल. मग ब्लॉकच्या मागच्या बाजूचा ड्रेन नळ उघडा. पाणी आलंच नाही तर शेवटच्या सिलिंडरभोवती गाळ बसलाय. तार घालून तो मोकळा करा आणि दोन्ही दिशांनी पाणी सोडून धुवा. थर्मोस्टॅट 82 अंशांचा आहे ना, तो गरम पाण्यात टाकून उघडतो का ते बघा. शेवटी टायमिंग: या इंजिनाला स्थिर टायमिंग (इंजिन बंद असताना लावलेली ठिणगीची वेळ) टीडीसीआधी, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर पोचण्याआधी, 10 अंश लागतं. टायमिंग मागे पडलं किंवा मिश्रण पातळ झालं तरी इंजिन तापतं, मग कितीही मोठा फॅन लावा.

डोलण्याचंही तसंच. मागच्या लिव्हर शॉकअपची (तेलाच्या डब्यातून बाहेर आलेल्या हाताने चालणारा जुना शॉकअप) लिंक सोडा आणि त्याचा हात वर-खाली करून बघा. दोन्ही दिशांना सलग, सारखा जोर लागायला हवा. मधे रिकामी चाल लागली तर तेल कमी आहे. शाफ्टपाशी ओल असेल तर सील गेलंय, रिकंडिशन करून घ्या. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश आणि शॅकल याच वेळी बदला. एक गोष्ट ध्यानात असू द्या: पुढचा लिव्हर शॉकअप हाच वरचा विशबोनही (चाकाला धरून ठेवणारा सस्पेन्शनचा हात) आहे. तिथे टेलिस्कोपिक किट म्हणजे नुसता शॉकअप बदलणं नव्हे, सस्पेन्शनच्या रचनेला हात लावणं. मी पुढचे मूळचेच ठेवायला सांगेन.

विद्युत_वेध

दिवे मंद का होतात त्याचा हिशेब मांडा. मूळ डायनामो जास्तीत जास्त 22 अँपिअर देतो, आणि तेही इंजिन फिरत असताना. दोन हेडलाइट 8 ते 9, मागचे आणि डॅशचे दिवे साधारण 3, इग्निशन 3 ते 4, वायपर 3, हीटरचा फॅन 4. झाले की 22! आयडलिंगला डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. यात इलेक्ट्रिक फॅनचे आणखी 8-10 अँपिअर घालणं शक्यच नाही. म्हणून फॅन आणि डायनामो ही जोडी आधीच खोडून टाका.

पण मंद प्रकाशाचं दुसरं कारण स्वस्तात सुटतं. हेडलाइटचा सगळा करंट डॅशवरच्या स्विचमधून आणि कितीतरी बुलेट कनेक्टरमधून फिरून येतो. दिवे चालू ठेवून बॅटरीच्या टोकांवर आणि बल्बच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर कनेक्टर आणि अर्थ घासून घ्या. तरीही कमी पडलं तर हाय आणि लो बीमला एकेक 30 अँपिअरचा रिले, प्रत्येकाला फ्यूज, आणि बॅटरीकडून 2.5 चौरस मिमीची वायर. मूळ वायरिंग कापायचं नाही, तिच्या कनेक्टरमधूनच रिलेला सिग्नल घ्यायचा. उद्या नको झालं तर दहा मिनिटांत निघतं.

अल्टरनेटर हवाच असेल तर गाडी आधी निगेटिव्ह अर्थ करावी लागेल, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडावं लागेल. 1965ची गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे आणि सीटमागे 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये आहेत. त्यांच्या क्लॅम्प बदलाव्या लागतात, कारण पॉझिटिव्ह पोल जाड असतो. कॉइलच्या दोन बारीक वायरींची अदलाबदल करा. डायनामो ठेवणार असाल तर त्याच्या डी आणि एफ वायरी काढून, बॅटरीच्या जिवंत (बॉडीला न जोडलेल्या) टोकाची वायर एफ टर्मिनलला दोन-तीनदा क्षणभर टेकवा, म्हणजे तो नव्या दिशेने चार्ज करू लागतो. लोक विसरतात ते टॅकोमीटर. या वर्षाच्या गाडीतला इलेक्ट्रॉनिक आहे. त्याची आतली जोडणी आणि कॉइलच्या वायरीचा वेटोळा, दोन्ही उलटं करून घ्यावं लागतं. तसंच सोडलं तर काटा हलत नाही. फ्यूएल पंपमध्ये नंतरच्या काळातला डायोड बसवलेला असेल तर तोही जळतो.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन घ्यायला हरकत नाही. मॉड्यूल डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली लपतं, छिद्र पाडावं लागत नाही. मात्र घेताना अर्थ कुठला ते सांगून घ्या, चुकीच्या ध्रुवावर ते पहिल्याच किल्लीला जातं. मॉड्यूलच्या जागी असलेले मूळ पॉइंट आणि कंडेन्सर 0.38 मिमीच्या फीलर गेजसकट गाडीतच ठेवा. पॉइंट बिघडले तर रस्त्याकडेला दुरुस्त होतात, मॉड्यूल होत नाही.

चौथा_गिअर

वरच्या दोघांशी सहमत, फक्त इंजिन ओरडण्याची तक्रार खरी आहे. ती झीज नव्हे. 3.909च्या डिफरेन्शियलवर चौथ्या गिअरात ताशी 100ला इंजिन साधारण 3,500 फेऱ्यांवर असतं. पण पाच गिअरचा बॉक्स शोधू नका. मार्क वनचा (तुमच्या पहिल्या आवृत्तीचा) गिअरबॉक्सवरचा बोगदा पुढच्या मॉडेलपेक्षा अरुंद आहे. परका बॉक्स बसवताना पत्रा ठोकणं, नवं क्रॉसमेंबर, प्रॉपेलर शाफ्ट कापणं असं एकातून एक निघत जातं. कापलेला पत्रा परत येत नाही.

याच गाडीला कारखान्यातूनच लेकॉकचा डी-टाइप ओव्हरड्राइव्ह पर्याय म्हणून मिळत होता. तिसऱ्या आणि चौथ्या गिअरवर चालतो, गुणोत्तर 0.802. तोच 100चा वेग सुमारे 2,800 फेऱ्यांवर येतो. तुमच्या त्रासावर नेमका उतारा, आणि काळाशीही सुसंगत. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच बाहेर काढावे लागतात, तेव्हा क्लच, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं तेलगळीचं ठिकाण त्याच फेरीत बघून घ्या. शाफ्टची लांबी आधी मोजा. स्पीडोमीटर बॉक्सशी जुळणारा नसेल तर चुकीचा वेग दाखवेल. तुमचा जुना बॉक्स विकू नका. तेल भरून, तोंडं बंद करून, चॅसी नंबर लिहून ठेवा.

सर्व्होबद्दल: त्याने गाडी लवकर थांबत नाही, फक्त पायाचा जोर कमी लागतो. पुढे डिस्क आहेतच. कॅलिपरचे पिस्टन अडकलेत का, रबरी होज आतून फुगलेत का ते बघा, तिन्ही होज बदला आणि ताजं डॉट 4 भरा. तेवढ्यानेही पेडल हलकं वाटू शकतं. ब्रेक सिंगल सर्किटचे आहेत, त्यामुळे एक होज फुटला तर चारही चाकांचा ब्रेक जातो. इथे कंजुषी नको.

वळणदार

थोडा वेगळा सूर लावतो. मूळपणाचं मोल तिथेच, जिथे मूळ काही शिल्लक आहे. इंजिन बदललेलं, आतलं सगळं नवं असतं तर मी मोकळेपणाने मॉडिफाय करा म्हटलं असतं, त्यात कमीपणा नाही. तुमच्याकडे जुळणारे नंबर आहेत आणि आतला कारखान्याचा रंग आहे, हे पुन्हा तयार करता येत नाही. इंजिन उघडायची वेळ आली तर ब्लॉकच्या उजव्या बाजूला रिव्हेट मारलेली छोटी नंबरपट्टी सांभाळा. मशीन शॉपमध्ये ब्लॉक रसायनात धुवायला टाकतात आणि ती तिथेच हरवते. ब्लॉक पाठवण्याआधी फोटो काढून ठेवा. हेड उतरलंच तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हला कठीण सीट बसवून घ्या. शिसं नसलेल्या पेट्रोलवर मऊ सीट आत बसत जातात, टॅपेटचा गॅप सारखा कमी होत राहतो हीच त्याची खूण. हा बदल डोळ्यांना दिसत नाही आणि इंजिन वाचवतो.

काहीही बदललं तरी विमा कंपनीला लेखी कळवा. आणि पैसे टाकण्याआधी सिल (दाराखालची बॉडीची पेटी) तपासा. दार बंद करून एकेका बाजूने गाडी मागून जॅकने उचला आणि दाराची फट बघा.

चौकस_चालक (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. जॅक लावून बघितलं. डावीकडे फट बदलली नाही. उजवीकडे दाराच्या फटीचा वरचा भाग मिटला आणि दार उघडताना अडकलं. सिलच्या खालच्या कडेला पुट्टीही दिसते. आता?

जुनं_लोखंड

मग बाकी सगळं थांबवा. रोडस्टरला छप्पर नाही, त्यामुळे बॉडीचा ताण सिलवरच असतो. बाहेरचं सिल, आतला उभा पत्रा आणि खालची कॅसल रेल मिळून ही पेटी होते. नुसतं बाहेरून नवं सिल चिकटवणाऱ्याला गाडी देऊ नका. कॅसल रेल सडलेली असेल तर तेही काम फुकट.

कापण्याआधी दाराच्या चौकटीत, बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत, लोखंडी आडवा पाइप वेल्ड किंवा बोल्ट करून घ्या. गाडी चाकांवर किंवा सस्पेन्शनखाली टेकलेली असावी, मधे जॅकवर लटकलेली नको. एका वेळी एकच बाजू. दार बसवून फट बघत टाके मारा, सलग वेल्ड शेवटी. नाहीतर बॉडी वाकलेल्या अवस्थेतच कायमची जोडली जाते आणि दार पुन्हा कधी बसत नाही. वेल्डिंगआधी बॅटऱ्या सोडा, सीट काढा. पेट्रोलची टाकी आणि लाइन वाटेत येत असेल तर तीही काढा. पेटी बंद करण्याआधी आत झिंक प्रायमर, आणि सगळं थंड झाल्यावर लांब नळीच्या फवाऱ्याने कॅव्हिटी वॅक्स.

कामाच्या दरम्यान ओव्हरड्राइव्ह बॉक्स शोधत राहा. मिळाला तर घेण्याआधी सॉलेनॉइडला 12 व्होल्ट देऊन तो खेचतो का ते बघा आणि तेल काढून त्यात पितळी चुरा आहे का तपासा.