मदत हवी आहे : मुलगी सोरॉरिटीच्या लीडरशिप रिट्रीटला निघाली आहे

नमस्कार मंडळी, आम्ही ह्यूस्टनला असतो. माझी लेक डेल्टा फाय ओमेगात आहे. १९९८ साली इथल्याच विद्यापीठात सुरू झालेली ही दक्षिण आशियाई मुलींची सोरॉरिटी, म्हणजे कॉलेजातल्या मुलींची संघटना. यंदा ती तिच्या चॅप्टरची, म्हणजे शाखेची, अध्यक्ष झाली आणि विद्यापीठ तिला फ्रॅटर्निटी (मुलांच्या अशाच संघटना) आणि सोरॉरिटींच्या पदाधिकाऱ्यांच्या निवासी शिबिराला पाठवतंय.

आम्ही दोघंही पुण्यात शिकलो, त्यामुळे हे जग आम्हाला नवीन. तिथे नेमकं काय करून घेतात? हेझिंग, म्हणजे आपल्याकडचं रॅगिंग, रोखायचं कसं यावर खरंच मोकळेपणी बोलतात का? २०२४ च्या अखेरीस त्यावर अमेरिकेत केंद्रीय कायदाही झालाय. चॅप्टरमध्ये काही घडलं तर अध्यक्षालाच आधी जाब विचारतील, मला तीच धास्ती आहे. एकोणीस वर्षांच्या पोरीने मैत्रिणींनाच ‘हे चालणार नाही’ असं कसं सांगायचं, हे कुणी शिकवतं का?

आणखी एक, ती अंडंही खात नाही. जेवणाचं आधी कळवावं लागतं का? थेपले, चिवडा बॅगेत भरतेच आहे.

कुणाची मुलं जाऊन आली असतील तर प्लीज सविस्तर लिहा. एखाद्या ताईने तिच्याशी फोनवर बोललं तर फारच बरं होईल.