आईसाठी शेजारच्या ओळखीतल्या मावशी नेमाव्यात की ब्युरोमार्फत बाई घ्यावी? (ठाणे)

नौपाडेकर:
माझ्या आईचे वय ७८ आहे. अलीकडेच तिला पक्षाघाताचा सौम्य झटका येऊन गेला आणि उजवी बाजू अजून अशक्त आहे. आधार दिला तर ती पलंगावरून उठून स्वच्छतागृहापर्यंत जाते, डाव्या हाताने जेवते. परंतु आंघोळ, कपडे बदलणे आणि औषधांच्या वेळा सांभाळणे यांसाठी दिवसभर कोणीतरी सोबत लागते. आम्ही पतीपत्नी दोघेही नोकरी करतो. आमच्याच इमारतीतील एका आजोबांची सेवा केलेल्या, कोपरीत राहणाऱ्या एक मावशी सध्या मोकळ्या आहेत. त्या कोणत्याही ब्युरोशी, म्हणजे घरी मदतनीस पुरवणाऱ्या संस्थेशी, बांधलेल्या नाहीत, कामे स्वतःच ठरवून घेतात. ब्युरोवाले नोंदणी शुल्क आणि कमिशन घेतात, मात्र बाई आली नाही तर बदली पाठवण्याची हमी देतात. मावशींना नेमायचे झाल्यास काय विचारावे, काय तपासावे आणि व्यवहार कसा ठरवावा, हे जाणकारांनी कृपया लिहावे. आईला विचारले तर ती "परकी बाई नको" एवढेच म्हणते.

निवृत्त परिचारिका, नेरुळ:
मावशी की ब्युरो हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून आधी आईला कोणती मदत लागते ते कागदावर लिहून काढावे, कारण आपल्याकडे भांडी घासणाऱ्या बाईपासून इंजेक्शन देणाऱ्या परिचारिकेपर्यंत सर्वांना सरसकट "पेशंट सांभाळणारी" म्हटले जाते आणि पुढचे बहुतेक वाद तिथूनच सुरू होतात. नाकातील नळीतून अन्न देणे, लघवीची नळी बदलणे, इंजेक्शन ही प्रशिक्षित परिचारिकेची कामे आहेत. त्यासाठी एएनएम किंवा जीएनएम हा परिचारिकेचा अभ्यासक्रम आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. तुम्ही लिहिले आहे त्यावरून आईला याची गरज दिसत नाही. तिला अनुभवी, शांत स्वभावाची आणि अंगात ताकद असलेली मदतनीस हवी आहे.

ती तशी आहे का, हे प्रमाणपत्रापेक्षा प्रत्यक्ष पाहून अधिक कळते. मावशींना एकदा घरी बोलवावे आणि आईला पलंगावरून खुर्चीत बसवून दाखवायला सांगावे. जाणती बाई रुग्णाच्या दुबळ्या बाजूला उभी राहते, कमरेला आधार देते, आणि उठवण्यासाठी दुबळा हात कधीही ओढत नाही. पक्षाघातात त्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात आणि हात ओढल्याने सांधा सरकू शकतो. ब्लाउज किंवा गाऊन घालताना पहिली बाही दुबळ्या हातात जाते, काढताना तीच शेवटी निघते. हे ज्यांना विचारावे लागत नाही, त्यांनी असे रुग्ण खरोखर सांभाळलेले असतात. जेवताना आईला ताठ बसवतात का आणि पाणी पिताना ठसका लागला तर काय करतात, हेही पाहावे. वारंवार ठसका लागत असेल तर डॉक्टरांना कळवायलाच हवे.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक कुटुंबाला सांगते. अचानक तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा हात खाली पडू लागला, तर मावशींनी तुमच्या कार्यालयात फोन करून परवानगीची वाट पाहू नये. प्रथम १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

ऐरोलीकर:
व्यवहाराविषयी थोडे लिहितो. कोपरीहून नौपाड्यात चालतही येता येते, ही मावशींची फार मोठी जमेची बाजू समजावी. आमच्याकडे येणाऱ्या बाई ट्रान्स-हार्बर मार्गाच्या लोकलवर अवलंबून होत्या आणि रविवारच्या मेगाब्लॉकला आमचे सगळे वेळापत्रक कोलमडत असे. ब्युरोची बदलीची हमी खोटी नसते, पण बदली बाईला औषधांचा डबा कुठे आहे इथपासून शिकवावे लागते, आणि रुग्णाला रोज नव्या हातांची सवय करायला लावणे हेही सुखाचे नाही. मात्र स्वतंत्र बाई नेमली की बदलीची जबाबदारी तुमच्यावर येते, हे आधीच मान्य करावे. त्या मूळच्या कोकणातल्या असतील तर गणपतीला आणि शिमग्याला गावी जाणारच. त्या सुट्ट्या आत्ताच ठरवून, त्यांच्याच ओळखीची दुसरी बाई आईला आधी भेटवून ठेवावी.

एका कागदावर कामाची वेळ, साप्ताहिक सुट्टी, पगाराची तारीख, उचल किती आणि कशी फिटणार, दिवाळीचा बोनस, काम सोडण्यापूर्वी किती दिवस आधी सांगायचे, हे मराठीत लिहून दोघांनी सह्या कराव्यात. पगार बँकेतून द्यावा. आधारची प्रत आणि छायाचित्र देऊन जवळच्या पोलीस ठाण्यात माहिती नोंदवावी, आणि ते मावशींना सांगूनच करावे. आईचे एटीएम कार्ड आणि ओटीपी या व्यवहारापासून पूर्णपणे दूर ठेवावेत, म्हणजे उद्या कोणावर संशय घेण्याची वेळच येणार नाही. त्यांचे बँक खाते असेल तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाचे २० रुपये तुम्ही भरावेत. १८ ते ७० वयापर्यंत २ लाखांचे अपघाती विमासंरक्षण मिळते.

कळव्याहून:
ज्या घरी त्यांनी काम केले तेथील मुलाशी बोलून भागणार नाही. दिवसा घरात असणाऱ्या सुनेशी किंवा लेकीशी बोलावे. कॅमेरा लावणार असाल तर तो फक्त दिवाणखान्यात, आणि मावशींना दाखवून लावावा.

नौपाडेकर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. मावशी येऊन भेटल्या. दुबळ्या हाताची गोष्ट त्यांना ठाऊक होती. त्यांची एकच अट आहे की स्वयंपाक करणार नाही. माझ्या पत्नीला ती थोडी खटकली. आई अजून गप्पच आहे.

निवृत्त परिचारिका, नेरुळ:
अट रास्त आहे. आई स्नानगृहात आणि मावशी गॅसपाशी, असे व्हायला नको. पोळ्यांसाठी वेगळी बाई लावावी, फार तर आईचा चहा आणि जेवण गरम करून देणे मावशींकडे ठेवावे. आईच्या नकारामागे बहुधा आंघोळीचा संकोच असतो. म्हणून सुरुवातीचे काही दिवस तुमच्यापैकी एकाने घरी राहावे, मावशींनी फक्त गप्पा, औषधे आणि चालवणे एवढेच करावे, आणि आंघोळ कोणाच्या हातून व किती वाजता हे आईलाच ठरवू द्यावे. पगार मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण द्यावा.