उसाच्या ट्रॉलीमागे पडलो, १५ हजारात आधी काय घेऊ?

वाईकर_१२५

नमस्कार मंडळी. मी वाईचा, कामाला शिरवळला एमआयडीसीत, रोज बाइकनेच जाऊन-येऊन करतो, जाताना बोगद्यातून आणि येताना खंबाटकी चढून. अकरा वर्षं झाली, साधं खरचटलंही नव्हतं.

मागच्या महिन्यात ओव्हरटाइम करून येत होतो, संध्याकाळी सातचा सुमार, हायवे सोडून सुरूरवरनं वाईकडं वळलो. पुढं उसाची ट्रॉली कडेला उभी, टायर बसलेला, ना लाइट ना रिफ्लेक्टर, मागं नुसता एक दगड ठेवलेला. समोरनं टेम्पोची लाइट आली आणि माझ्या हेल्मेटच्या व्हायझरवर, म्हणजे पुढच्या काचेवर, इतके ओरखडे होते की सगळं पांढरं झालं, ट्रॉली दिसली तेव्हा लय जवळ आली होती. ब्रेक दाबला, खाली उसाचं पाचट पडलेलं, पुढचं चाक निसटलं आणि मी डाव्या अंगावर घसरत गेलो. ट्रॉलीच्या सात-आठ फूट अलीकडं थांबलो. स्पीड ४०-४५ असेल, जास्त नाही.

हेल्मेट होतं पण अर्धं, हनुवटी उघडी असलेलं. हनुवटीला सहा टाके पडले, खालच्या दोन दातांचे टवके गेले. दोन्ही तळहातांची मनगटाजवळची कातडी गेली. गुडघ्यावर जीन्स होती म्हणायचं फक्त. उजव्या मनगटाला आधी मुका मार सांगितला, क्रेप बँडेज बांधून घरी पाठवलं. पंधरा दिवस झाले तरी अंगठ्याखालचं दुखणं जाईना म्हणून दुसरीकडं परत एक्सरे काढला तर स्कॅफॉइड नावाच्या हाडाला चीर निघाली, आता प्लास्टर आहे. हे सगळं डाव्या हाताने टाइप करतोय, चुका सांभाळून घ्या.

टाके घालत होते तेव्हा एकच गोष्ट डोक्यात येत होती. माझी मुलगी सात वर्षांची, रोज सकाळी तिला याच गाडीवर शाळेत सोडतो आणि तिच्या डोक्यावर काहीच नसतं.

सेफ्टीच्या सामानासाठी १५ हजार बाजूला काढलेत. आधी काय घेऊ? जुनं हेल्मेट आपटलंय पण कुठं तडा दिसत नाही, ते वापरावं का? कंपनीतले म्हणतात जॅकेट-बिकेट लडाखला जाणाऱ्यांचं असतं, रोजच्या रस्त्याला कोण घालतं.

ताम्हिणी_रायडर

दादा आधी बरे व्हा, ट्रॉलीपर्यंत गेला नाहीत हे फार मोठं झालं.

ते हेल्मेट आजच बाद करा. कुणाला देऊ पण नका, भाच्याला नको, कामवाल्याला नको. आतलं थर्माकोल एकदाच दबतं, दबताना मार खातं आणि मग परत फुगत नाही, वरनं कवच चकाचक दिसतं पण आत त्या जागी काही शिल्लक नसतं. पट्टा कापून मग कचऱ्यात टाका म्हणजे कोणी उचलून वापरणार नाही.

नवीन घेताना फुल फेसच घ्या. तुमची हनुवटी तुम्हाला सांगून गेलीच आहे. आपण तोंडावर पडतो तेव्हा अर्ध्या हेल्मेटला तिथं काही करताच येत नाही. आयएसआयचं आयएस ४१५१ आणि सीएम/एल (लायसन्स) नंबर बघा, तो नंबर बीआयएस या सरकारी मानक संस्थेच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की लायसन्स खरं का खोटं कळतं. १ जून २०२१ पासून बीआयएस नसलेलं हेल्मेट विकणंच बेकायदेशीर आहे, तरी रस्त्याच्या कडेला तीनशे रुपयांत मिळतं ते तुम्ही बघितलंच असेल. बजेट असेल तर युरोपात चालणारं ईसीई २२.०६ मानक असलेलं घ्या, त्या टेस्टमध्ये डोकं तिरकं आपटून गरकन फिरतं तो मार पण मोजतात.

पण स्टिकरपेक्षा साइज जास्त महत्त्वाची आणि इथंच बहुतेक जण चुकतात. भुवयांच्या वरनं आणि मागं डोक्याच्या फुगीर भागावरनं टेप फिरवून माप घ्या. दुकानात घालून बघाल तेव्हा गाल दाबले गेले पाहिजेत, बोलताना गालाचं आतलं मांस दाताखाली येईल इतकं. पट्टा लावा, हनुवटीखाली दोन बोटं जातील तेवढाच ढिला, आणि मग मागून हेल्मेट वर ढकलून बघा. पुढं डोळ्यांवर आलं किंवा निघालं तर ते हेल्मेट तुमचं नाही, कितीही महाग असू दे. पंधरा मिनिटं घालून दुकानात फिरा, कपाळावर एकाच जागी ठणकलं तर दुसरा मॉडेल बघा, डोक्याचे आकार वेगवेगळे असतात.

व्हायझर क्लिअरच घ्या आणि ओरखडे पडले की बदला. काही शे रुपयांची वस्तू आहे, तुमच्या केसमध्ये निम्मं काम त्या व्हायझरनंच केलं. काळा व्हायझर संध्याकाळी नकोच.

दुसरा नंबर ग्लोव्ह्जचा. जॅकेटच्या आधी ग्लोव्ह्ज, हे मी ठामपणे सांगतो.

अजून एक, तुमच्या नावावरनं गाडी १२५ सीसी दिसते, म्हणजे बहुतेक सीबीएसवाली. एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारं ब्रेक, २०१९ ला सक्तीचं केलं ते १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांनाच. सीबीएसमध्ये दोन्ही ब्रेक सोबत लागतात पण चाक जाम व्हायचं थांबत नाही. हात बरा झाला की मोकळ्या मैदानात जाऊन जोरात ब्रेक मारायची सवय करा, जाम झालं की सोडून परत दाबायचं.

वॉर्ड_नंबर_४

मी ऑर्थो वॉर्डात स्टाफ नर्स आहे, सोळा वर्षं झाली. वर ग्लोव्ह्ज आधी म्हटलंय ते अगदी खरं आहे आणि का ते सांगते.

पडताना माणूस हात पुढे टाकतोच. कितीही सांगा, ते आपोआप होतं. तळहात डांबरावर टेकतो आणि तिथंच अडकतो, अंग मात्र पुढे जात राहतं, मग सगळा जोर मनगटात जातो. चांगल्या ग्लोव्हला तळहाताच्या बुडाशी कडक गुळगुळीत तुकडा असतो त्याला स्लायडर म्हणतात, तो असला की हात अडकत नाही, घसरतो. हाड मोडणारच नाही असं नाही पण कातडी तरी राहते. मनगटाला आवळायचा पट्टा बघून घ्या, नाहीतर पहिल्या झटक्यात ग्लोव्ह हातातून निघून जातो.

स्कॅफॉइडचं सांगते कारण हे फार जणांच्या बाबतीत होतं. अंगठा ताणला की मनगटाच्या बाजूला खळगा दिसतो ना, त्या खळग्यात दाबून दुखत असेल तर पहिल्या एक्सरेत काही दिसलं नाही तरी मुका मार समजून सोडून द्यायचं नाही. चीर सुरुवातीला कधीकधी दिसत नाही, दहा-पंधरा दिवसांनी परत एक्सरे काढावा लागतो. त्या हाडाला रक्तपुरवठा एका बाजूनंच जास्त होतो म्हणून ते फार सावकाश जुळतं. दादा, प्लास्टर डॉक्टर सांगतील तेवढे दिवस ठेवाच, मधेच काढून गाडी चालवू नका. न जुळलेल्या स्कॅफॉइडची ऑपरेशनं आम्ही बघतो, त्यात बरीचशी लवकर प्लास्टर काढलेल्यांची असतात.

आणि जीन्सचं. डांबरावर साधी जीन्स एका झटक्यात फाटते. मग त्या जखमेत खडी, माती, कापडाचे धागे जातात आणि ते राहिले तर पू होतो, म्हणून आम्हाला ब्रशनं घासून काढावं लागतं. मोठमोठे गडी पलंगाची दांडी धरून ओरडतात. मला ते घासताना रोज वाटतं की एक नी गार्ड असता तर हे झालं नसतं.

साधा_प्रवासी

थोडं वेगळं बोलतो, राग नसावा. हेल्मेट ठीक आहे. पण ही टेस्ट म्हणे २७ च्या स्पीडला करतात, रस्त्यावर आपण ६० ने जातो, मग काय उपयोग? आणि गावातल्या गावात ३० ने जाणाऱ्याला कशाला हे सगळं, गर्मी किती होते. पुण्यात २०१९ ला सक्ती केली तेव्हा लोकांनी उगाच विरोध केला नाही.

ताम्हिणी_रायडर

@साधा_प्रवासी राग कशाचा, हा प्रश्न मला पण पडला होता.

२७ चा आकडा बरोबर आहे, साडेसात मीटर पर सेकंद. पण ती गाडीची स्पीड नाही, डोकं किती वेगानं रस्त्यावर येऊन आदळतं ती आहे. म्हणजे साधारण पावणेतीन मीटरवरनं खाली पडल्यासारखं. गाडीवर बसल्यावर डोकं असतं दीड मीटरच्या आसपास. तुम्ही ६० ने जात असा नाहीतर २० ने, नुसतं खाली पडलात तर डोकं त्याच उंचीवरनं खाली येतं. पुढे जायचा जो वेग आहे तो घसरण्यात जिरतो, आणि तिथं डोक्याचं नाही तर कपड्याचं काम असतं. म्हणून "मी हळूच चालवतो" याला डोक्याच्या बाबतीत काही अर्थ राहत नाही, सिग्नलला उभ्या गाडीवरनं आडवं होऊन कवटी फुटलेली माणसं आहेत. पुढचा वेग धोक्याचा होतो तो समोर काही असलं तर, झाड, डिव्हायडर, ट्रॉली. ४५ ने सरळ ट्रॉलीवर जाणं म्हणजे आठ मीटरवरनं उडी मारल्यासारखं आहे, अडीच मजले धरा. तिथं कुठलंच हेल्मेट खात्री देत नाही, पण तरी घातलेलं बरं.

रस्ते मंत्रालयाच्या २०२२ च्या रिपोर्टमध्ये हेल्मेट न घातलेले मेलेले ५०,०२९ आहेत. एका वर्षात. यातले सगळे हायवेवर सुसाट जाणारे होते असं मला नाही वाटत, दळण आणायला गेलेले पण असतील.

मोर्णाकाठ

गर्मीचं मी सांगतो, अकोल्याचा आहो. मे महिन्यात इथं ४५ च्या वर जाते, तरी मी जॅकेट घालूनच चालवतो भाऊ. जाळीचं जॅकेट घ्या, मेश म्हणते त्याले. आत सुती टीशर्ट ओला करून घालायचा, वरून जॅकेट. हवा लागली की ओलं सुकत सुकत अंग गार ठेवते. नुसत्या शर्टावर जे झळा लागते ते याच्याहून वाईट, कारण ४५ ची हवा अंगापेक्षा गरम असते, ते अंगाले भाजते. मात्र पाण्याची बाटली जवळ ठेवा आणि सिग्नलले उभं राहिल्यावर चेन खाली करा.

जॅकेटमध्ये खांदा, कोपर आणि पाठ तिन्ही ठिकाणी गार्ड आहे का बघा. बरेचदा पाठीले नुसता फोमचा तुकडा टाकून देते, तो काढून लेव्हल टू वाला, म्हणजे जास्त मार झेलणारा गार्ड टाकता येते. रायनॉक्स, वायाटेरा, रायडा हे आपल्या भारतातलेच ब्रँड आहेत, सेल लागला की बऱ्यापैकी स्वस्त पडते. एकदम नाही जमलं तर या वर्षी हेल्मेट, ग्लोव्ह्ज, नी गार्ड अन पुढच्या वर्षी जॅकेट.

शाळेची_वेळ

सगळ्यांनी दादांच्या सामानाचं सांगितलं, मुलीचं कोणीच बोललं नाही.

दादा, १५ हजारातलं पहिलं हेल्मेट तिचं घ्या, तुमचं त्याच दिवशी पण दुसरं. चार वर्षांच्या वरच्या प्रत्येकाला हेल्मेट कायद्यानं लागतंच, मोटार वाहन कायद्याचं कलम १२९. पण दंडासाठी नका घेऊ. त्या २०२२ च्या ५०,०२९ मध्ये १४,३३७ मागे बसलेले होते. मागच्याला तर ट्रॉली दिसतही नाही, हँडल नाही, ब्रेक नाही, त्याला कळतं तेव्हा तो हवेत असतो.

मुलांसाठी हेल्मेट घेताना "दोन वर्षं पुरेल" म्हणून मोठं घेऊ नका. मी ती चूक केली होती, मुलगा बसला की हेल्मेट फिरून कान समोर यायचा. मापाचंच घ्या आणि दर वर्षी बघा, डोकं वाढलेलं असतं. जड नको, छोट्या मानेला वजन झेपत नाही. सायकलचं हेल्मेट चालेल का असं विचारतात काही जण, ते बाइकसाठी नाही.

पहिले चार दिवस ती रडेल, कान दुखतात म्हणेल. घरात टीव्ही बघताना घालायला द्या. माझ्या मुलाच्या हेल्मेटवर आम्ही त्यालाच स्टिकर लावू दिले, आता मी विसरले तर तोच पार्किंगमधून वर पाठवतो. आणि तिचे पाय फुटरेस्टला पोचतात का ते बघा, बूट घालूनच बसवा, चप्पल नको.

वहिनी मागे बसत असतील तर साडी गार्ड काढलेला नाही ना ते पण एकदा बघा. बरेच जण गाडी स्टायलिश दिसावी म्हणून काढून टाकतात आणि पदर, ओढणी चाकात जाते.

वॉर्ड_नंबर_४

वरच्या ताईंना धन्यवाद, हे राहूनच गेलं होतं.

एक अजून, कोणी रस्त्यावर पडलेलं दिसलं तर हेल्मेट ओढून काढू नका. श्वास चालू असेल तर व्हायझर उघडा, मान हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करा. श्वासच घेता येत नसेल तरच काढायचं, तेही दोघांनी, एकानं खालून मान आणि जबडा धरायचा, दुसऱ्यानं दोन्ही बाजूंनी फाकवून हळूहळू सरळ काढायचं. मदत करणाऱ्याला पोलीस अडकवतात ही भीती काढून टाका, २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४अ त्यासाठीच घातलंय.

वाईकर_१२५

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

रविवारी बायकोला घेऊन एसटीनं साताऱ्याला जाऊन आलो. मुलीचं माप ५२ निघालं, तिच्या मापाचं फुल फेस दुसऱ्या दुकानात मिळालं, निळं. माझं ५८. मी आजपर्यंत एक्सएल घालत होतो, आता मीडियम बसलं, म्हणजे अकरा वर्षं ते डोक्यावर नुसतं ठेवलेलं होतं. गाल दाबतंय पण दुकानदारानं तेच बरोबर आहे सांगितलं. नी गार्ड पण घेतले. ग्लोव्ह्ज प्लास्टर निघाल्यावर घेतो, उजवा हात घालून बघितल्याशिवाय नाही घेत. जुन्या हेल्मेटचा पट्टा कापून टाकला.

ताई, ती काल रात्री हेल्मेट घालून जेवायला बसली होती, आईनं काढायला लावलं. सध्या शाळेत रिक्षाने जाते, मला विचारते की पप्पा तुमचा हात कधी बरा होणार. डॉक्टरांनी अजून सहा आठवडे सांगितलेत, त्याच्या आधी गाडीला हात लावत नाही.

त्या ट्रॉलीचा विषय पण सोडलेला नाही. आमच्या वाडीतल्या सात-आठ ट्रॅक्टरवाल्यांशी बोललोय, रिफ्लेक्टरची पट्टी मीच आणून देतो म्हटलं, चौघांनी लावून घेतली. बाकीच्यांच्या ट्रॉल्या कारखान्याच्या लाइनीत उभ्या आहेत, तिथं भावाला घेऊन उद्या जाणार आहे.