मदत हवी आहे: वर्ल्ड कप, बुधवारची शाळा आणि रात्र जागायला निघालेले मामंजी

वडगावची सून

नमस्कार मंडळी. २०२६ चा फुटबॉल वर्ल्ड कप अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोत ११ जूनला सुरू होतोय, म्हणजे आपल्याकडे ११ ची रात्र उलटून १२ ला साडेबाराला. आमच्या घरात मात्र आत्तापासूनच वाजायला लागलंय.

फुटबॉलवेडी माणसं घरात दोनच, मी आणि मामंजी. मी अर्जेंटिनाची. ते ब्राझीलचे. १९८६ ला गल्लीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या पडवीत बसून मॅराडोना बघितलेला माणूस ब्राझीलचा कसा राहिला, हे मला अजून कळलेलं नाही. तरुणपणी ते बेळगावच्या कॅम्पात खेळायचे. आता वय चौऱ्याहत्तर, बीपीची गोळी चालू, डॉक्टरांनी जागरण बंद सांगितलंय. आणि मामंजींनी जाहीर केलंय की १०४ सामने आहेत ना, एकशेचारच्या एकशेचार बघणार. नवरा म्हणतो, तूच समजाव, तुझंच ऐकतात. मी काय तोंडाने समजावू?

माझी अडचण वेगळी. मी खानापूरकडच्या एका शाळेत शिकवते, आठला घर सोडावं लागतं. अर्जेंटिनाची पहिली मॅच अल्जीरियाशी, बुधवारी १७ जूनला सकाळी साडेसहाला. दोघांचे डबे, मुलाची शाळा, बस, सगळं त्याच दोन तासांत. शाळा नुकतीच सुरू झालेली असते, रजा मागायला तोंड नाही.

तर मदत अशी हवी: कुठले सामने जागून बघण्यासारखे आहेत, कुठले सोडले तरी चालतील? आणि हा ३२ संघांचा बाद फेरीचा हिशेब कुणीतरी सोपा करून सांगा की ओ.

फर्स्ट शिफ्ट, उद्यमबाग

ताई, आधी घड्याळ पक्कं करून घ्या, निम्मा गोंधळ तिथंच मिटतो. न्यूयॉर्क, मायामी, फिलाडेल्फिया, अटलांटा ह्या पूर्वेकडच्या गावांत जी वेळ असेल तिच्यात साडेनऊ तास मिळवा. डॅलस, ह्यूस्टन, कॅन्सस सिटीला साडेदहा, मेक्सिको सिटीला साडेअकरा, लॉस एंजेलिस आणि सिअ‍ॅटलला साडेबारा. तिकडची तारीख बघून कॅलेंडरवर खूण करू नका. तिकडे १६ च्या रात्री असलेली मॅच आपल्याकडे १७ च्या सकाळी. आमच्या खात्यात दोघांनी तिकडच्या तारखेवर रजेचे अर्ज टाकलेत, आता बदलून घ्यायला सांगितलंय.

तुमची दुसरी मॅच ऑस्ट्रियाशी, सोमवारी २२ ला रात्री साडेदहाला. ही निवांत बघा. तिसरी जॉर्डनशी, २८ च्या सकाळी साडेसातला, रविवार. म्हणजे अडचण एकाच मॅचची आहे. मामंजींचं मात्र कठीण आहे. ब्राझील-मोरोक्को रविवारी १४ ला पहाटे साडेतीनला, स्कॉटलंडशीही पहाटे साडेतीनलाच.

निपाणीकर

४८ संघ म्हणजे जत्रा झाली. २०२२ ला ३२ होते, तेवढे पुरे होते. आता पहिल्या फेरीत ७२ सामने, आणि एवढं करून घरी जाणार फक्त १६ संघ. चार-चारच्या १२ गटांतले पहिले दोन तर पुढे जाणारच, वर तिसऱ्या नंबरवाल्यांतलेही आठ. कोण तिसरा चांगला? आधी गुण, मग गोलफरक, मग केलेले गोल. आपला गट संपला तरी दुसऱ्यांच्या निकालाकडे डोळे लावून बसायचं. पहिल्या फेरीत तीन-चार मॅच निवडा, बाकीच्या दिवशी झोपा. खरी स्पर्धा त्यानंतर.

कॅम्पातला जुना गोलकीपर

निपाणीकर, तिसऱ्या नंबराला हसू नका ओ. १९९० ला अर्जेंटिना सलामीलाच कॅमेरूनकडून ०-१ हरली, गटात तिसरी आली आणि पुढे फायनलला गेली. १९९४ ला इटलीचंही तेच. २०१६ च्या युरोत पोर्तुगाल तीन बरोबऱ्या करून तिसरा आला आणि कप घेऊन गेला.

आणि जत्रा म्हणालात म्हणून सांगतो. कॅरिबियनमधलं बेट कुरासाव पहिल्यांदा आलंय. सगळी वस्ती दीड लाखाच्या आसपास, आपलं बेळगाव शहर त्याच्या तिपटीवर भरेल. त्यांची पहिली मॅच जर्मनीशी, रविवारी १४ ला रात्री साडेदहाला. केप व्हर्दे, जॉर्डन, उझबेकिस्तानही नवे. मी तरी हे बघणार. फ्रान्स-सेनेगलही सोडू नका, १६ ची रात्र उलटून १७ ला साडेबाराला. २००२ ला पहिल्याच सामन्यात सेनेगलनं जगज्जेत्या फ्रान्सला १-० पाडलं होतं.

सूनबाई, मामंजींना एक हिशेब सांगा. गटातल्या शेवटच्या दोन मॅच एकाच वेळी सुरू करतात, साटंलोटं होऊ नये म्हणून. गट १२. म्हणजे कितीही जागले तरी कमीत कमी १२ सामने थेट बघता येणारच नाहीत. एकशेचारचा पण तिथंच मोडला. एकदा मोडला म्हटल्यावर आणखी पन्नास सोडायला माणूस तयार होतो. आमच्या वयाच्या माणसाला ‘झोपा’ म्हणून उपयोग नाही, हिशेबानंच जिंकावं लागतं.

पहाटे साडेतीनच्या मॅचला जागत बसू नये. नऊला जेवून झोपायचं, सव्वातीनला उठायचं. बारापर्यंत टीव्ही आणि मग तासभर डुलकी, हे सगळ्यात वाईट. पण गोळीची वेळ डॉक्टरांनाच विचारा.

वडगावची सून

काका, १२ सामन्यांचा हिशेब जेवताना सांगितला. मामंजी पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘दोन टीव्ही लावूया की.’

अर्जेंटिना गटात पहिली आली तर पुढे कोण?

फर्स्ट शिफ्ट, उद्यमबाग

अर्जेंटिनाचा गट ‘जे’. त्यात पहिली आली तर एच गटातल्या दुसऱ्याशी, मायामीत. दुसरी आली तर एच गटातल्या पहिल्याशी. एच मध्ये स्पेन, उरुग्वे, सौदी, केप व्हर्दे. म्हणजे जॉर्डनची मॅच सोपी समजून सोडू नका, तिथं नंबर घसरला तर पुढच्याच सामन्यात स्पेन गळ्यात पडू शकतो. सौदीनं २०२२ ला अर्जेंटिनाला २-१ हरवलं ते तर तुम्हाला आठवतच असेल. कप जिंकायला आता सात नाही, आठ सामने खेळावे लागतात. आणि मेस्सी २४ जूनला ३९ पूर्ण करतोय.

बुधवारचं म्हणाल तर साडेसहाची मॅच आठला संपणार नाही. ह्या वेळी प्रत्येक हाफमध्ये पाणी प्यायला तीन मिनिटं थांबवणार आहेत. मध्यंतर, वाया गेलेल्या वेळेची भरपाई धरून साडेआठ होतात. म्हणजे शेवटचा अर्धा तास बसमध्येच. तो मोबाईलवर बघण्याच्या भानगडीत पडू नका, खानापूरच्या वाटेवर नेटवर्क कधी जाईल सांगता येत नाही. डेटा बंद करून टाका, व्हॉट्सअ‍ॅप उघडू नका, संध्याकाळी पूर्ण मॅच पुन्हा लावा. शाळेतल्या सहकाऱ्यांना आदल्या दिवशीच दम देऊन ठेवा. धोका मुलांचा. सातवीतली पोरं स्कोअर सांगितल्याशिवाय राहत नाहीत.

जांबोटीचा पाऊस

वेळापत्रक झालं, आता पावसाचं बोला. जूनच्या मध्याला आमच्याकडे झड लागते. छतावर डिश असेल तर मुसळधार पावसात सिग्नल जातोच, त्याला कंपनी बदलून उपयोग नाही. केबल किंवा वायफायची दुसरी सोय ठेवा. लाईट जाणार हे धरूनच चाला. इन्व्हर्टरवर बहुतेक लोक पंखा, दिवे, टीव्ही जोडतात आणि राऊटर विसरतात. मग टीव्ही चालू आणि इंटरनेट बंद. राऊटरचा प्लग आधी बघा.

आमच्या गावात मंडळानं देवळासमोर पडदा लावायचं ठरवलंय. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकरला बंदी असते, म्हणून रात्रीच्या मॅच सभागृहात दारं लावून आणि सकाळच्या बाहेर. तिकीट लावायचं नाही, जाहिरातदार घ्यायचा नाही, हेही ठरलंय. पैसा आला की प्रसारणाच्या हक्कांचा प्रश्न येतो. भात पेरून झालेली माणसं पहाटे मोकळीच असतात. ताई, मामंजींना घेऊन या एखाद्या रविवारी.

निपाणीकर

आणि फायनल १९ जुलैची, आपल्याकडे १९ ची रात्र उलटून २० ला साडेबाराला. उजाडल्यावर सोमवार. आत्ताच अर्ज टाका.

वडगावची सून

सगळ्यांचे आभार. मुख्याध्यापकांशी बोलले. बुधवारची रजा नाही, २० जुलैची किरकोळ रजा मंजूर. बुधवारी पहिला हाफ आणि दुसऱ्यातली थोडी, बाकी संध्याकाळी. त्या दिवशीचे डबे नवरा करणार, उप्पीट का होईना. मामंजी ब्राझीलच्या सगळ्या मॅच आणि बाद फेरीवर तयार झालेत. मोरोक्को २०२२ ला सेमीफायनलला गेलेला संघ आहे हे सांगितल्यापासून पहाटेच्या त्या मॅचला ते मलाही उठवणार आहेत, सोबतीला.

राऊटर खरंच इन्व्हर्टरवर नव्हता. त्याला स्वतंत्र छोटा बॅकअप मिळतो म्हणे. कुणी घेतला असेल तर किती तास चालतो आणि कितीला पडला, तेवढं लिहा.