सेप्सिसमध्ये सीबी-२ चालू करायचा की बंद?

तापीकाठ (धुळे)
राम राम मंडळी. विभागात सेमिनार आहे, विषय सेप्सिस (जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या बेफाम प्रतिसादाने अवयव निकामी होणं) आणि कॅनाबिनॉइड यंत्रणा, म्हणजे गांजातल्या रसायनांसारखे शरीरातलेच रेणू आणि ते ज्यांवर बसतात ते सीबी-१, सीबी-२ हे पेशींवरचे रिसेप्टर. २००९ मध्ये उंदरांवरचे दोन अभ्यास आले, दोन्हीकडे सीकम (मोठ्या आतड्याची सुरुवातीची पिशवी) बांधून टोचण्याचीच पद्धत, म्हणजे आतली घाण पोटात झिरपून सेप्सिस होतो. एकात सीबी-२ नसलेले उंदीर जास्त मेले, दुसऱ्यात तसलेच जास्त जगले. हे मांडायचं कसं?

सातपुडा_आयसीयू (नंदुरबार)
आधी सीबी-१ वेगळा काढा. एंडोटॉक्सिन (जंतूंच्या भिंतीतलं विष) रक्तात पोचलं की मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) आणि प्लेटलेट्स अ‍ॅनंडमाइड व २-एजी हे शरीरातलेच कॅनाबिनॉइड बनवतात. ते सीबी-१ वर बसून बीपी पाडतात. उंदरांच्या जातीतल्या प्राण्यांत रिमोनाबंट या सीबी-१ ब्लॉकरने ही घसरण रोखता आली. पण वजन कमी करायला युरोपात विकलं जाणारं हेच औषध नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांमुळे २००८ मध्ये बंद झालं. म्हणून आता लक्ष मेंदूत न शिरणाऱ्या ब्लॉकरांकडे आहे.

सीबी-२ मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर. तो चालू केला की पांढऱ्या पेशी बारीक शिरांच्या भिंतींना कमी चिकटतात, दाह वाढवणारे सायटोकाइन उतरतात. दाह भडकलेला असताना हे हवंच. पण पेशंट प्रतिकार गमावून बसला असेल तर तोच लगाम जंतूंना मोकळं रान देतो. ‘चालू की बंद’ याआधी ‘कोणत्या टप्प्यावर’ हे विचारा.

फार्मा_भुसावळ
बरोबर, पण टप्प्यावर जाण्याआधी दोन्ही पेपरांची मेथड्स शेजारी ठेवून वाचा. सीकमचा किती भाग बांधला, सुई १८ गेजची (जाड) की २२ ची (बारीक), टोच एकच की आरपार, सलाइन आणि अँटिबायोटिक दिलं का. गाठ इलिओसीकल वाल्व्हवर (लहान आतडं सीकमला मिळतं तिथल्या झडपेवर) पडली तर आतडंच अडतं; मग उंदीर सेप्सिसने मेला की अडथळ्याने, कळत नाही. शिवाय सीबी-१ चालू करणारी औषधं उंदराचं तापमान उतरवतात आणि ती पाण्यात विरघळत नाहीत, दुसऱ्या द्रावकात द्यावी लागतात. त्यामुळे नुसत्या द्रावकाचा कंट्रोल गट नसेल तर त्या आकड्यांवर मी विसंबणार नाही.

रक्तातलं अ‍ॅनंडमाइड मोजलेलं असेल तर नमुना कसा हाताळला तेही पाहा. नळीत पडलेलं रक्त टेबलावर राहिलं की पेशी ते बनवतच राहतात आणि पातळी खोटी वाढते. नळी लगेच बर्फात, सेंट्रिफ्यूजही थंड, प्लाझ्मा ताबडतोब वेगळा. २-एजी तर आपोआप १-एजी होतं, म्हणून बरेच जण दोन्हींची बेरीज देतात.

तापीकाठ
फार मोलाचं. आणखी एक: पेशंटचे नातेवाईक सीबीडी (गांजाच्या रोपातला नशा न आणणारा घटक) तेलाचं विचारतात, त्यांना काय सांगावं?

सातपुडा_आयसीयू
स्पष्ट नाही म्हणा. सेप्सिसमध्ये ते उपचार म्हणून सिद्ध नाही. त्याने सुस्ती येते, आणि शुद्ध हरपत चालल्याची खूण त्यात झाकली जाते. लिव्हरमधल्या, औषधं मोडणाऱ्या सीवायपी एन्झाइमांनाही ते अडवतं, म्हणजे इतर औषधांची पातळी बिघडते.

जीव वाचतो तो जुन्याच गोष्टींनी. शॉक असेल तर तासाभरात अँटिबायोटिक. ब्लड कल्चर (रक्तातला जंतू शोधायची तपासणी) त्याआधी, पण त्यासाठी डोस थांबवू नका. मोठ्या माणसाला पहिल्या ३ तासांत किलोला ३० मिली क्रिस्टलॉइड (सलाइनसारखं द्रावण), म्हणजे ५० किलोला दीड लिटर. सरासरी धमनीदाब ६५ मिमी पाऱ्याच्या खाली राहिला तर नॉरअ‍ॅड्रिनलिन (शिरा आवळून बीपी वाढवणारं औषध). पू असेल तिथून तो काढा. आपल्याकडे सिकलसेलचे पेशंट बरेच, त्यांची प्लीहा निकामी असते आणि न्यूमोकॉकस (न्यूमोनियाचा जंतू) झपाट्याने पसरतो. डोंगरातल्या धडगाव-अक्कलकुव्याहून अशा पेशंटला खाली पाठवताना पहिला डोस तिथेच द्या आणि वेळ रेफरल चिठ्ठीवर लिहा.