मदत हवी आहे : आयसीयूतल्या मामांना शिरेतून प्रोटीन चालू आहे, वर अल्ब्युमिनही लावायचं का?

नमस्कार मंडळी,

मी खानापूर तालुक्यातला. आतड्याला पीळ पडला म्हणून मामांचं बेळगावात तातडीनं ऑपरेशन झालं, आतड्याचा बराच भाग काढावा लागला. आता आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहेत. नाकातल्या नळीनं दिलेलं पोटात टिकत नाही, म्हणून मानेजवळच्या मोठ्या शिरेतून टीपीएन, म्हणजे सगळं पोषण थेट रक्तात देणं, सुरू केलंय. पिशवीला तीन कप्पे : अमिनो अॅसिड (प्रोटीनचे घटक), ग्लुकोज आणि फॅट. सिस्टर ती वरून गुंडाळत दाबतात, मधले पडदे सुटतात नि सगळं दुधासारखं पांढरं होतं. वर लिहिलंय, अमिनो अॅसिड ५० ग्रॅम. मामांचं वजन साठेक किलो.

रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रोटीन, कमी आलंय, २.१. एक पाहुणे म्हणतात, प्रोटीन कमी पडतंय, अल्ब्युमिनच्या बाटल्या लावायला सांगा. बाटली महाग. मामी गळ्यातलं मोडायला निघाल्यात. उपयोग होणार असेल तर आम्ही करूच. पण किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिनही वाढतंय, प्रोटीननं किडनीवर ताण येईल का? डॉक्टर संध्याकाळी पाच मिनिटं भेटतात, कन्नड-इंग्रजीत सांगतात, मग मामींना मराठीतून मीच समजावतो. त्यांना नेमकं काय विचारू?

प्रतिसाद :

दादा, मी कोल्हापूरला आयसीयूत आहारतज्ज्ञ आहे. मामींना आजच थांबवा. अल्ब्युमिनची बाटली म्हणजे खाणं नव्हे. एवढ्या आजारात अल्ब्युमिन रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं, म्हणून आकडा पडतो. त्यावरून पोषण मोजत नाहीत. जखम भरायला लागतात ती अमिनो अॅसिडं, ती पिशवीत आहेतच. अल्ब्युमिन द्यायची कारणं वेगळी असतात, ती डॉक्टरांनी सांगितली तरच आणा.

युरोपातल्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत किलोमागे रोज १.३ ग्रॅम प्रोटीन आहे, तेही हळूहळू गाठायचं. म्हणजे मामांना ७८ ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे सुरुवातीला ५० बघून घाबरू नका. जास्त दिलं की लवकर बरं होतं असंही नाही. २०२३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एफर्ट चाचणीत किलोमागे २.२ ग्रॅम किंवा जास्त देण्याचं लक्ष्य ठेवूनही फायदा दिसला नाही. किडनी बिघडलेल्यांत उलट नुकसानीची चिन्हं दिसली. पण डायलिसिस लागलं तर त्यातून अमिनो अॅसिड वाहून जातं, तेव्हा किडनीच्या भीतीनं प्रोटीन तोडायला लावू नका.

विचारा एवढंच : फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम रोज तपासताय का? उपाशी शरीराला एकदम अन्न मिळालं की हे झपाट्यानं उतरतात, हृदयाला धोका होतो. थायमिन (जीवनसत्त्व बी१) दिलंय का? आणि नळीतून थोडं थोडं कधी सुरू करणार? हा शेवटचा प्रश्न रोज विचारा. उत्तरं इथं लिहा, मी बघते.